विश्लेषण : सुट्टीत गावी सुतारकाम करायचेय? अवजारे आणि लाकूड कुठे मिळते, परवानगी कधी लागते?

महापे, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या अनेकांचे मूळ घर कोकणात, घाटावर किंवा मुरबाड-शहापूरकडे असते. मे महिन्यात किंवा गणपतीला चार-आठ दिवस गावी गेले की घरच काम काढते. पडवीचा दरवाजा फुगून घासत असतो, गणपतीच्या चौरंगाचा एक पाय हललेला असतो, माळ्यावर आजोबांच्या काळातल्या दोन फळ्या धूळ खात असतात. हात शिवशिवतात, पण घरात करवत नाही आणि असली तर तिला दात नाहीत. लाकूड आणायचे तर वखार तालुक्याला. परसात वादळात आडवा झालेला फणस आहे, पण तो कापायचा का, आणि त्याच्या फळ्या गाडीत टाकून नवी मुंबईला आणायच्या का, याचे उत्तर घरात प्रत्येक जण वेगळे देतो. यात चूक झाली तर सुट्टी वाया जाते आणि लाकूड, गाडी व अवजारे तीनही अडकू शकतात.

निघण्यापूर्वी कोणती अवजारे बरोबर घ्यावीत?

चार दिवसांच्या कामासाठी मोठी पेटी लागत नाही. एक बारीक दातांची करवत, ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या, एक छोटा रंधा, गुण्या, मापनपट्टी, पेन्सिल, हातोडी, दोन शिकंजे आणि धार लावायचा दगड एवढ्यावर पाट, चौरंग, फडताळातली फळी, दरवाजाची डागडुजी अशी बहुतेक कामे होतात. बॅटरीवरचा ड्रिल असेल तर उत्तम. पावसाळ्यात गावची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या रंध्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

दुकानातून आणलेल्या नव्या पटाशीला कामापुरती धार नसते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. तिची मागची बाजू दगडावर सपाट करून पुढचा उतार साधारण २५ ते ३० अंशांत घासून घ्यावा लागतो. हे काम घरीच करून निघावे, कारण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटून हातावर येते. समुद्राजवळच्या गावात लोखंडाला एका रात्रीत तांबेरा धरतो. काम झाले की अवजार पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा.

रेल्वेने जाणाऱ्यांना स्लीपर वर्गात ४० किलो, तर द्वितीय वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येते. त्यात अवजारांची पेटी सहज बसते. मात्र करवतीचे पाते आणि पटाशीचे तोंड पुठ्ठ्यात गुंडाळावे. विमानाने जाणाऱ्यांनी करवत, पटाशी, हातोडी चेक-इन सामानात द्यावी. ड्रिलच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात.

नवी मुंबई आणि मुंबईत अवजारे कुठे शोधावीत?

रोजच्या वापरातली अवजारे कोपरखैरणे, तुर्भे, पनवेल येथील हार्डवेअर दुकानांत मिळतात. निवड करून, हातात धरून घ्यायची असतील तर मुंबईतील नागदेवी स्ट्रीटला पर्याय नाही. मशीद स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर हाताच्या आणि यंत्राच्या अवजारांची दुकाने रांगेने आहेत. महापे येथून कोपरखैरणे किंवा घणसोली स्थानक गाठून, वाशीला गाडी बदलून हार्बर मार्गाने तिथे पोहोचता येते. याच मार्गावरील रे रोड, दारूखाना हा परिसर लाकूड बाजारासाठी ओळखला जातो. त्यामुळे एका शनिवारी दोन्ही कामे उरकता येतात.

जुनी अवजारे हवी असतील तर भेंडी बाजाराजवळचा चोरबाजार आहे. जुना लोखंडी रंधा घेताना तळ सपाट आहे का, पात्याला पुरेशी लांबी उरली आहे का आणि तोंडाला तडा नाही ना, हे तिन्ही उजेडात पाहावे. गंज घासून जातो, तडा जात नाही.

गावी पोहोचल्यावर काही राहिल्याचे लक्षात आले तर?

खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर आणि साधी करवत तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअर दुकानात मिळते. आठवडे बाजारात लोहार कोयता, कुऱ्हाड, पहार घेऊन बसतो. जुन्या पात्याला धार लावून घ्यायची असेल तर तोच योग्य माणूस.

राहिला प्रश्न गावच्या सुताराचा. त्याच्याकडे रंधा किंवा पटाशी उसनी मागण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. खंडेनवमीला ज्या अवजारांची पूजा होते, ती त्याची रोजीरोटी असते, आणि खिळ्यावर फिरलेले रंध्याचे पाते पुन्हा जाग्यावर आणायला त्याचा अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा मेस्त्रींना अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्या नजरेखाली काम करावे. फळ्या यंत्रावर एकसारख्या जाडीच्या करून मिळतात, कोणते लाकूड कुठल्या बाजूने वाकेल हेही कळते. बारा बलुतेदारांत सुतार होता तेव्हा गावाला त्याची गरज होती आणि गाव त्याला धान्य देत असे. आता फर्निचर शहरातून तयार येते. केंद्राने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय असून त्यात सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तुमच्या मेस्त्रींनी अर्ज केला नसेल तर मोबाइलवर ती माहिती काढून देणे, ही त्यांच्या मदतीची चांगली परतफेड ठरेल.

गावाकडे लाकूड कुठे मिळते?

सरळ मार्ग म्हणजे तालुक्याच्या गावातील परवानाधारक वखार किंवा सॉ मिल. सॉ मिल कुणालाही कुठेही काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवर कडक नियंत्रण आले. त्यामुळे गिरणीवर गेल्यास परवाना आणि बिल या दोन्हींची अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

हौशी माणसाला खरे तर फारच थोडे लाकूड लागते. म्हणून गिरणीवर आधी कापातले तुकडे, फळकुटे आहेत का, ते विचारावे. चौकटी कापून उरलेले दीड-दोन फुटांचे सागाचे तुकडे पाट, खुंटाळे, छोटे स्टूल यांना पुरतात आणि अखंड फळीच्या मानाने स्वस्त पडतात. दुसरा मार्ग म्हणजे जुने लाकूड. घर पाडले जात असेल तर वासे, दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी मालकाकडून रीतसर विकत घेता येतात. पन्नास वर्षे छताखाली राहिलेले लाकूड पूर्ण वाळलेले असते, हा त्याचा मोठा गुण. फक्त कापण्यापूर्वी प्रत्येक खिळा शोधून काढावा.

कोणते लाकूड कशासाठी घ्यावे?

साग सर्वांना माहीत असतो, पण साग म्हटले की सगळे सारखे नसते. व्यापारात ‘सीपी साग’ म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली आणि मध्य प्रदेशाकडचा साग. ‘वलसाडी’ हा डांगकडचा. ‘बर्मा’ म्हणून जे नवे लाकूड दाखवले जाते, त्याबाबत सावध राहावे, कारण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. जुन्या इमारतींतून निघालेला बर्मा साग मात्र अजूनही बाजारात असतो. शेताच्या बांधावरचा कोवळा साग बहुतांशी फिकट बाहेरच्या लाकडाचा असतो. वाळवीला तोंड देण्याची ताकद आतल्या तपकिरी गाभ्यात असते, या पांढुरक्या भागात नाही.

कोकणात फणसाचे पिवळे लाकूड दरवाजे, खांब आणि पाटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. कापायला सोपे, रंग वयानुसार गडद होत जाणारे. ऐन आणि किंजळ हे वासे, तुळया यांचे लाकूड. जड आणि कठीण, नवख्याच्या पटाशीला दाद न देणारे. शिवण हलकी आणि कमी वाकणारी. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला किडा लवकर लागतो. फळीवर टाचणीएवढी भोके आणि खाली ताजी पिठासारखी भुकटी दिसली तर ती घरात आणू नये. घाटावर बैलगाडी आणि शेतीच्या अवजारांसाठी बाभूळ चालते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरत आले आहेत. त्या वाटेने जाणार असाल तर चितारआळीत थांबून कारागिरांचे काम पाहावे. कोणत्या कामाला कोणते लाकूड, हे तिथे डोळ्यांनी शिकता येते.

परसातले झाड स्वतःचे, मग परवानगी कशाला?

घोळ होतो तो इथेच. ‘महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४’ खासगी जमिनीवरील झाडांनाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत १६ झाडे आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. सुतारकामाला उपयोगी पडणारी बहुतेक झाडे यात आली. ती तोडायची तर आधी वन विभागाच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. झाड वाळलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद आहे. पण नाकारता येत नाही याचा अर्थ मागावी लागत नाही, असा होत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली परिसरात आंबा, फणस, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी झाड जागेवर असतानाच फोटो काढावेत, तलाठी आणि वनरक्षकाला कळवावे, पंचनामा करून घ्यावा. ओंडके करून झाल्यावर झाड पडले होते की पाडले, हे सिद्ध करणे कठीण जाते.

आणखी दोन गाठी आहेत. पहिली सातबाऱ्याची. जमीन सामायिक असेल तर झाडही सर्व सहहिस्सेदारांचे. मुंबईतून आलेल्या एका भावाने परसातला फणस कापला आणि गावच्या भावाला नंतर कळले, तर चार फळ्यांपायी भाऊबंदकी उभी राहते. सर्वांची लेखी संमती घेतलेली बरी. दुसरी गाठ आदिवासी खातेदारांच्या झाडांची. मुरबाड, शहापूर, कर्जत, जव्हारकडे फार्महाऊसवर गेलेल्यांना शेजारच्या पाड्यावर ‘झाड विकायचे आहे’ असे कुणी सांगू शकते. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांची विक्री १९६९ च्या स्वतंत्र कायद्याने नियंत्रित आहे. त्यांच्याकडून परस्पर रोखीत झाड घेणे दोघांनाही महागात पडू शकते.

गाव नगर परिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत असेल तर नागरी क्षेत्रासाठीचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडे मागावी लागते. महापेही शहरी हद्दीतच येते. सोसायटीतले झाड ‘फक्त छाटले’ म्हणूनही प्रकरण उभे राहू शकते.

आणि जंगलात पडलेले लाकूड?

त्याला हात लावू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून लाकूड काढणे गुन्हा आहे. झाड आपोआप पडलेले असले तरी फरक पडत नाही. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार वनोपजाबरोबर गुन्ह्यात वापरलेली अवजारे आणि वाहनही जप्त करता येते. म्हणजे दोन फुटांच्या ओंडक्यापायी करवतीबरोबर गाडीही जाऊ शकते.

गाडीतून लाकूड नवी मुंबईला आणता येते का?

लाकडाच्या वाहतुकीसाठी वन कायद्याखाली परवान्याची पद्धत आहे. राज्यात महाराष्ट्र वन नियम, २०१४ लागू आहेत आणि केंद्राने २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी ऑनलाइन राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू केली. शेतात लावल्या जाणाऱ्या काही जातींना सूट आहे. साग, खैर यांसारख्या मौल्यवान जातींना ती गृहीत धरू नये. वखारीतून घेतलेल्या लाकडाचे जात, माप आणि तारीख लिहिलेले बिल गाडीत ठेवावे. परसातल्या झाडाचे लाकूड आणायचे असेल तर तोडण्याची परवानगी आणि वाहतूक परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंका असेल तर वन विभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर किंवा परिक्षेत्र कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारावे, नाक्यावर नव्हे.

बांबूचे मात्र सोपे झाले आहे. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. सुट्टीत काही तरी करायचेच असेल आणि कागदपत्रांची झंझट नको असेल, तर परसातला बांबू हा उत्तम कच्चा माल आहे.

घनफुटाचा हिशेब कसा करायचा?

कापलेले लाकूड घनफुटावर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. ६ फूट लांब, ९ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ८१ भागिले १४४, साधारण ०.५६ घनफूट. दीड फूट लांब, १४ इंच रुंद आणि १ इंच जाड पाटाला ०.१५ घनफूटही लागत नाही.

गोल ओंडक्याचा हिशेब वेगळा. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४० इंच घेर आणि ८ फूट लांबी असेल तर १० गुणिले १० गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे सुमारे ५.५ घनफूट. ओंडक्याचे प्रत्यक्ष घनफळ सात घनफुटांच्या आसपास असते. ही पद्धत कापताना होणारी घट काही प्रमाणात आधीच वजा करते. तरी भुसा, साल आणि वाकडेपणा यांत आणखी लाकूड जाते. ‘ओंडका स्वस्त पडतो’ म्हणणाऱ्याला हाती किती फळ्या येतील, तेही विचारावे.

ताजे कापलेले लाकूड लगेच का वापरू नये?

कारण ते आटते. लाकूड लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटते. वर्षवलयांच्या दिशेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. म्हणून ओली फळी नुसती लहान होत नाही, ती वाकते आणि चिरते. कोकणच्या दमट हवेत बसवलेला पाट महापे येथील वातानुकूलित खोलीत आणला की महिन्याभरात तडा जातो, तो यामुळेच.

हवेवर वाळवताना एक इंच जाडीला एक वर्ष, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम. फळ्या जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, सावलीत रचाव्यात. टोकांना रंग किंवा मेण लावावे, कारण ओल टोकांकडून लवकर उडते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. एका तुकड्याचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला लिहून ठेवावे. ते उतरायचे थांबले की लाकूड त्या हवेला सरावले. म्हणजे या सुट्टीत फळ्या रचायच्या आणि काम पुढच्या गणपतीला करायचे. माळ्यावर आजोबांनी ठेवलेल्या त्या दोन फळ्यांची किंमत इथे कळते.

महापे येथूनच लाकूड नेता येईल का?

येईल, आणि अनेकदा तेच शहाणपणाचे. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात यंत्रसामग्री पाइनच्या पेट्या आणि पॅलेटमधून येते. न्हावा-शेवा बंदर जवळ असल्याने असे लाकूड भंगार व्यावसायिकांकडे नियमित पोहोचते. रस्त्याकडेला पडलेले उचलू नये, मालकाकडून विकत घ्यावे. घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवला आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. पाट, खेळणी किंवा स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी ‘एमबी’ आणि तेलाचे डाग पडलेले लाकूड सोडून द्यावे. ‘एचटी’चा अर्थ कीड मेली एवढाच, लाकूड वाळले असा नव्हे.

चार दिवसांत काय शक्य आहे?

पहिला दिवस धार, माप आणि तालुक्याच्या एका फेरीचा. दुसरा मेस्त्रींच्या शेडमध्ये फळ्या एकसारख्या करण्याचा. तिसरा जोडणीचा, चौथा घासून तेल लावण्याचा. एवढ्यात एक पाट किंवा चौरंग नीट होतो. दरवाजा फुगून घासत असेल तर पावसाळ्यात तो भरपूर रंधू नये. उन्हाळ्यात तो आटेल आणि फट पडेल. घासतो तेवढाच भाग खडूने खुणावून हलका रंधावा.

पडलेल्या फणसाच्या फळ्या मात्र कागद पूर्ण करून, टोकांना रंग लावून माळ्यावर चढवाव्यात आणि प्रत्येकीवर कापल्याची तारीख लिहावी. पुढच्या वर्षी त्या काढणारा हात तुमचा असेल किंवा भावाचा, पण लाकूड तयार असेल आणि त्यावरून कुणाला वादही घालता येणार नाही.